विमानाची जागा

मे महिन्यात कलिन्याच्या आवारात
विद्यार्थी नसतात, कावळे असतात,
आणि सहानंतर आम्ही.
मी परीक्षा विभागातला.
दिवसा गुणपत्रिकांवरची आडनावं दुरुस्त करायची,
संध्याकाळी प्रॉम्प्टिंग.
संहिता उरलेल्या पुरवण्यांवर उतरवून घेतली होती.
समासात छापलेलं : येथे काही लिहू नये.
तिथेच मी सगळं लिहायचो.

दर चार मिनिटांनी डोक्यावरून विमान,
इतकं खाली की चाकं दिसायची.
पहिल्या आठवड्यात सगळे त्याच्यावर ओरडून बोलले,
घसे बसले.
मग तन्मयी म्हणाली, थांबा.
हात आहे तिथे राहू दे, डोळे हलवू नका.
जाऊ दे त्याला.
एम. ए. भाग दोन, आमच्यातली सगळ्यांत लहान,
पण ती "पुन्हा" म्हणाली
की कोलिवरी गावठाणातल्या पास्कल काकांना
पुन्हा मरावं लागायचं.
एकदा एका संध्याकाळी ते अकरा वेळा मेले,
पाठीवर लादीची धूळ घेऊन
दोनशे सत्तेचाळीसच्या रिक्षावाल्याशी भांडून घरी गेले.

डोळे फक्त रेगेबाई हलवायच्या.
पस्तीस वर्षं टेलिफोन खात्यात
दुसऱ्यांचे आवाज दुसऱ्यांना जोडले,
स्वतःचं वाक्य मात्र सापडत नसे.
काका पडले की त्या विंगेकडे बघायच्या.
विमानाच्या आडोशाला मी नुसते ओठ हलवायचो,
त्या वाचून घ्यायच्या.
हे तन्मयीला माहीत होतं की नाही, कोण जाणे.

प्रयोग आतल्या सभागृहात.
जाड दारं, एसी, खुर्च्यांना नंबर.
विमान एकही नाही.
आणि दुसऱ्या अंकात काका पडले
तसे सगळे थांबले.
कोणी ठरवलं नव्हतं.
सहा माणसं, हात आहे तिथे,
न आलेलं विमान जाऊ देत होती.
तिसऱ्या रांगेतला खोकला मध्येच तुटला.

रेगेबाईंनी माझ्याकडे पाहिलं.
ओळ माझ्या बोटाखाली होती.
ही जागा विमानाची की विसरल्याची,
मला कळेना.
ओठ हलवायला गेलो तर विंगेत अंधार,
बाईंना काय दिसणार?

त्या खाली बसल्या.
काकांच्या शर्टाचं वरचं बटण लावलं,
जे तालमीत कधी नव्हतं,
आणि त्यांच्या कानाशी, अगदी कामाच्या आवाजात, म्हणाल्या,
"बोला, लागलाय."

कोणी हललं नाही.
फक्त मेलेल्या काकांचं पोट
वरखाली, वरखाली.