कोपऱ्यातलं वजन

सावद्याच्या रस्त्याला आमचा साठ टनी काटा.
केळीच्या ट्रका इथं रिकाम्या चढतात, भरून चढतात,
मधल्या फरकाचं नाव माल.
तो फरक छापायचं काम माझं.
कम्प्युटर अकरा वर्षांचा, खुर्ची त्याहून जुनी.

भुसावळहून इम्रान पिंजारी आला
व्हायरस अडवणारं सॉफ्टवेअर घेऊन,
सोबत रंगीत कागद :
परदेशातली कुठलीशी तटस्थ प्रयोगशाळा,
शंभरात नव्व्याण्णव पूर्णांक आठ,
वर पाच तारे.
"ताई, हे कंपनी बोलत नाही. तिसराच माणूस बोलतो."

तिसरा माणूस मला माहीत आहे.
दरवर्षी येतो वजनमापे खात्यातून,
वीस-वीस किलोची लोखंडी वजनं घेऊन,
जाताना शिशाचं सील ठोकतो.
आधीचे साहेब फोन करून यायचे.
त्या दिवशी आम्ही पाटा धुवायचो,
खालची माती, केळीची पानं, एकदा मेलेला उंदीर.
सकाळी सातला, ऊन तापायच्या आत
वजनं मधोमध ठेवली, आकडा बरोबर आला.
आला तो खराच.
खोटं कुणीच केलं नाही.

मग वाघुळदे साहेब आले.
न सांगता, मे महिन्यात, भर दुपारी,
पंचेचाळीस अंशांत
चारही कोपऱ्यांवर वजनं सरकवत बसले.
विहिरीकडच्या कोपऱ्यात चाळीस किलो गायब.
पाच वर्षं सील होतं त्या कोपऱ्यावरसुद्धा.

म्हणून इम्रानला विचारलं,
कोपऱ्यात ठेवलं होतं का वजन?
तो समजला नाही.
म्हटलं, या प्रयोगशाळेला पैसे कोण देतं?
परीक्षेची तारीख कंपनीला कळते का?
पकडले ते चोर कालचे,
की आज रात्री कुणीतरी घडवणार आहे तो?
आणि तिथला कम्प्युटर नवा, एसीत बसलेला,
की माझ्यासारखा, ज्यात येणारा-जाणारा
पेनड्राइव्ह खुपसून बिल मागतो?
आणि उरलेले शून्य पूर्णांक दोन
कुणाच्या गावाला गेले?

इम्रान पाणी प्यायला.
"खरं सांगू? मी मागच्या चार परीक्षा पाहतो.
एकदाच पहिलं आलेलं विकत नाही.
चारही वेळा पहिल्या पाचांत दिसलं, तर विकतो."
हे मला कागदापेक्षा पटलं.

घेतलं.
पहिल्याच दिवशी त्यानं
आमच्याच काट्याचा प्रोग्राम व्हायरस म्हणून कोंडला.
बाहेर नऊ ट्रका, उन्हात केळी, हॉर्नवर हॉर्न.
कागदावर त्याचाही एक रकाना होता, बारीक अक्षरात,
निरपराध किती धरले.
तो मी वाचला नव्हता.

आता सॉफ्टवेअर आहे.
रोज सायंकाळी हिशेबाची नक्कल वेगळ्या डिस्कवर,
डिस्क माझ्या पर्समध्ये,
शिवाय कार्बनचं पावतीपुस्तक,
ज्याला नेहेते शेठ हसतात.

काल पारोळ्याचा एक ड्रायव्हर
भरल्या गाडीतून वाकून म्हणाला,
"ताई, काटा खरा शे का?"
सीलकडं बोट केलं, तारीख दाखवली.
मग म्हटलं, फैजपूर रस्त्याला दुसरा काटा आहे,
तिथंही चढवून बघा.

तासाभरानं परत आला.
दोन्हींत वीस किलोचा फरक.
"इतलं चालस," म्हणाला,
आणि दोन्ही पावत्या
एकाच टाचणीनं टोचून खिशात ठेवल्या.