वाऱ्यावर सोडलेलं

दुपारी दोनला दाराची मूठ धरली
आणि बोटाला ठिणगी चावली.
तेव्हाच कळलं. रेडिओनं मागाहून सांगितलं,
झोंडा निघालाय आन्दीजच्या माथ्यावरून,
संध्याकाळच्या आत हाचाल गावात पोचेल.
शाळा सुटल्या. पोरं नाचली,
त्यांच्या आयांनी कपाळ धरलं.

माझं दुकान औषधांचं.
पश्चिमेचा तापला वारा उतरला की धंदा बरा होतो,
सांगायला लाज वाटते, पण खोटं कशाला बोलू.
हवेचा दाब उतरतो, माणसांचा चढतो.
सुलेमा येते, भुवयांच्या मध्ये अंगठा रुतवून,
बोलत नाही, नुसतं बोट दाखवते : तीच पट्टी.
मास्तर ओयार्सून, घोळणा फुटलेला,
रुमालाआडून ‘काही नाही, काही नाही’ म्हणत
माझ्या फरशीवर तीन थेंब.
कांद्याच्या वखारीतला रुफिनो :
भावाच्या अंगावर फावडं फेकलं, लागलं नाही,
पण हात थरथरायचा थांबत नाही, त्यावर काही आहे का?
त्याला पाणी दिलं. स्टुलावर बसवलं.

झोपेच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत.
हे त्या दिवशी मी एकोणीस वेळा म्हटलं,
विसाव्यांदा स्वतःला.

रात्री खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबले.
पाव तासात वाळून कडक.
धूळ तरी आलीच, दातांखाली करकरली.
कुत्रा पलंगाखाली. छपरावर एक सुटा पत्रा,
थड. मग बराच वेळ नाही. मग थड.
मी आणि देल्फोर उताणे, मध्ये हातभर अंतर,
कुणाचाच डोळ्याला डोळा नाही.

आमच्या घरचा एक नियम आहे, लग्नापासूनचा :
झोंडाच्या रात्री बोललेलं धरायचं नाही.
वाऱ्यात आलेलं वाऱ्यावर सोडायचं.
मी त्याला कद्रू म्हटलंय, त्याच्या आईला त्याहून वाईट.
त्यानं एकदा बशी फोडली, निळ्या काठाची.
सकाळी कॉफी उकळली की संपलं.
सव्वीस वर्षं याच नियमावर निभावली.

तीन वाजता तो म्हणाला,
आवाज न चढवता, पाणी मागावं तसं,
‘मला या गावात राहायचंच नव्हतं, एर्मिंदा.
कधीच.’

मी झोपल्याचं सोंग घेतलं.
झोंडात कुणी झोपत नाही, हे त्यालाही ठाऊक.

पहाटे वारा फिरला. दक्षिणेकडून गार आला,
पारा धाडकन खाली,
आणि कानामागचा घट्ट आवळलेला स्क्रू
कुणीतरी अलगद सैल केला.
सगळं हाचाल मेल्यासारखं झोपलं, साडेनऊपर्यंत.
मी सोडून.

नियम तो नियम. मी विचारलं नाही.
त्यानं कॉफी घेतली, शिडी काढली, वर चढला.
खाली मी शिडी धरून.
तोंडात खिळे धरलेल्या माणसाला
काय विचारणार?
त्या पत्र्याला चार खिळे पुरतात.
मी मोजले. त्यानं अकरा मारले.

इथेच राहणाऱ्याचे होते ते,
की निघण्याआधी
घर नीट करून ठेवणाऱ्याचे?

आता हवा छान आहे. रात्री गार, आकाश धुतलेलं,
आठवडाभर असंच राहील म्हणतात.
सुलेमा दुकानावरून नुसती हात हलवत जाते.
देल्फोर घोरतो, पत्रा गप्प.
आणि मी पश्चिमेची खिडकी उघडी टाकून जागी,
दाराची मूठ अधूनमधून चाचपून बघते.
विचारायचं तर त्याच वाऱ्यात विचारता येईल,
आणि त्यात मिळालेलं उत्तर
धरायचं नाही.