तक्रारीचा रकाना

करावे गावच्या समाजमंदिरात
साठीपुढच्या बायकांची मोफत तपासणी.
मी नोंदणीच्या टेबलावर,
टेबलाला दोऱ्यानं बांधलेलं पेन घेऊन.

नाव, चांगुणा भोपी.
वय? "सिडकोनं जमीन घेतली
तवा ह्यो रांगत व्हता."
तिच्यामागे उभ्या टकलाकडे बघून
मी हिशेब करते. त्र्याहत्तर.

व्यवसाय?
मुलगाच सांगतो, "काही नाही. घरीच असते."
घरीच, म्हणजे
घोटाभर खाऱ्या पाण्यात मिठागरावर चौदा वर्षं,
बाळंतपणाच्या बाराव्या दिवशी डोक्यावर पुन्हा टोपलं,
नंतर नातवंडांचे डबे, सासूची शी-शू.
कागदावरची रेघ दोन बोटांची.

तक्रार?
"गुडघे. बीपी. आणि कोणाचं ऐकत नाही."
वाईट नाही तो. रजा टाकून आलाय,
बाहेर रिक्षा थांबवून ठेवलीय.
ती पदराला गाठ मारते, सोडते, पुन्हा मारते.
"तू जरा भायेर बस, बाला."

तो गेल्यावरही बोलत नाही.
पंखा खडखडतो.
मग माझ्या कानाशी,
कागदाला ऐकू जाऊ नये इतकं हळू:
"अंग भायेर येतं गो.
बावीस वर्सां. फडका बांधतंय."

बावीस वर्षं.
एवढ्यात दोन्ही नातींच्या हळदीत
ही नाचलीसुद्धा असणार.

छापील चौकोन आहेत साखरेला, दाबाला,
डोळ्यांना, हाडांना.
याला नाही.
मी समासात लिहू लागते, कागद आडवा करून.
"आत बाईच आहे डॉक्टर. रिंग बसवतात,
नाहीतर ऑपरेशन."
"आता कवा मराची, कशाला, म्हंतील."
"कोण म्हणेल?"
ती दाराकडे बघते. मग हसते,
पुढचे दोन दात नाहीत.
"तुजा कागद भरलास का?"
"मी कामावर आहे," म्हणते मी,
आणि खुर्चीत जरा सावरून बसते,
गेली चार वर्षं बसते तशी.

ती पडद्याआड जाते.
पुढची बाई खुर्चीला टेकायच्या आधीच
सुनेला सांगते, "जा, चहा पिऊन ये.
सावकाश ये."
तिच्यामागची लेकीच्या हातातून
स्वतःची पिशवी काढून घेते.

समास संपलाय.
मी दाताने दोरा तोडते.
मागच्या पानापर्यंत पेन पोचत नव्हतं.