पाणी मुरलेली जागा

दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी
लिंकनशायरमधल्या या लहानशा ग्रंथालयात
मुलांच्या पुस्तकांशेजारी माझं टेबल मांडतात.
लोक मांडीवर डबे घेऊन बसतात.
मी भिंग पुसते.

बहुतेकांना मला नाहीच म्हणावं लागतं.
ही ट्रॅक्टरची चकती.
ही कोटाची गुंडी, फार तर शंभर वर्षांची.
हे रोमन नाही, पडद्याच्या दांडीचं टोक आहे.
माणसं हिरमुसतात, तरी आभार मानतात
आणि डबा पुन्हा तसाच जपून बंद करतात.

आज हेडली डाउस आले.
चाळीस वर्षं कालव्यांचा गाळ काढलेला माणूस,
गुडघे कामातून गेले, पण डिटेक्टर सुटत नाही.
तंबाखूच्या डबीतून, कापसातून
काढलं त्यांनी काहीतरी करडं, चेपलेलं,
अंगठ्याच्या पेराहून जरा मोठं.
"दुधाच्या बाटलीचं बूच असणार,"
तेच आधी म्हणाले,
निराशेला दारातच गाठावं तसे.

एकतीस ग्रॅम.
शिसं.
दिवा तिरपा केला
तेव्हा एका अंगावर उमटल्या शिंपल्याच्या रेघा,
दुसऱ्या अंगावर मुकुट, किंवा अक्षर, किंवा नुसताच नांगराचा ओरखडा.
खांद्याशी दोरी ओवायचे दोन कान,
एक तुटलेला.

"कुपी आहे," मी म्हटलं, "यात्रेहून आणलेल्या पाण्याची.
सहाशे वर्षं, थोडी इकडेतिकडे.
गळ्यात घालून कुणीतरी चालत आलं असेल."
मागच्या खुर्चीवरची बाई विणायची थांबली.

हे तोंड बघा.
नांगराने फाडलं असतं तर कड अशी राहिली नसती.
हे उघडलंय.
आणि इथे दोन खाचा, एक वर, एक खाली.
दातांच्या.
वरचा दात किंचित वाकडा होता.

अशा कुप्या घरांत कमी, वावरातच जास्त सापडतात.
आम्हाला वाटतं
(आमच्या कामात सगळं 'वाटतं'च)
की पेरणीआधी ते पाणी
मातीवर ओतत असावेत.

"कुठल्या रानात मिळाली?"
नकाशावर त्यांचं बोट अडखळलं नाही.
मिसेस स्क्रिव्हनच्या बारा एकरांचा खालचा कोपरा.
"तिथे काही येत नाही हो.
बीट पिवळं पडतं, गहू गुडघ्याला लागत नाही.
तिच्या सासऱ्याने चुना टाकला.
एक्याऐंशी साली मीच मातीचे पाइप घातले."

मग ते थांबले.
"म्हणजे तेव्हाही येत नव्हतं."

आम्ही दोघं हसलो.
हसू जरा लवकरच संपलं.

वस्तू: कुपी. धातू: शिसे. स्थिती: अपूर्ण.
पाणी नेमकं कुठे मुरलं
ते मी दहा आकड्यांत लिहिलं.
गुण आला का,
याला फॉर्मवर रकाना नाही.

कापसात गुंडाळताना हेडलींनी विचारलं,
"चव कशी लागली असेल? दातांना?"
"शिसं गोडसर लागतं म्हणतात."
"गोड," ते म्हणाले, आणि डबी
वरच्या खिशात ठेवली, नेहमीच्या नाही.

पुढच्या बाईंनी बिस्किटांचा डबा उघडला.
गुंडी होती.
मी ती नेहमीपेक्षा जास्त वेळ
दिव्याखाली धरली.