तारेवरचा हात

ओडेसा ट्रूइटने बेस माझ्या टेबलावर आडवा निजवला
आणि म्हणाली, "घुंई काढ.
बाकी कशाला हात लावायचा नाही."

टोलेडोत, मॉमी नदीच्या पूर्व काठावर माझं दुकान.
वडील रेडिओ दुरुस्त करायचे, हंगेरियन शिव्या देत.
मी ॲम्प्लिफायर करतो. शिव्या त्याच.

घुंई म्हणजे भिंतीतली वीज.
सेकंदाला साठ हेलकावे,
बी फ्लॅट आणि बी यांच्या बरोब्बर मधोमध,
कुठल्याच गाण्यात न बसणारा सूर.
बारमधला फ्रीज, निऑनची पाटी, दिव्यांचा डिमर,
सगळे तोच एक सूर धरून बसलेले
आणि ओडेसाचा पुढचा पिकअप
कान टवकारून सगळ्यांचं ऐकणारा.

"मागचाही तेवढाच वाढव," मी म्हटलं,
"दोन घुंया एकमेकींना खातात."
"आवाजही खातात. मधोमध पोकळी पडते.
मला लाकूड हवंय."
यावर वाद नाही. एकसष्ट वर्षांची बाई,
शुक्रवारी बार, शनिवारी कुणाचं तरी लग्न, रविवारी चर्च.
तिचा खर्ज मी डोळे मिटून ओळखतो:
ओल्या मातीतून फावडं निघावं, तसा.

बटणांची पट्टी उचलली.
आत जुना डाख, राखाडी, थेंब थेंब गोठलेला,
कुणीतरी घाईत दिलेला, बहुधा गाडीच्या बॉनेटवर.
एक कपॅसिटर, चघळलेल्या टॉफीसारखा. तो राहू दिला.
टोन त्यात असतो की नसतो
यावरून माणसं मैत्री तोडतात. मी नाही तोडत.

तांब्याची पट्टी चिकटवली
खोबणीच्या तळाला, भिंतींना, झाकणाच्या पोटाला,
कडेला कड डाखून घेतली.
अर्थिंगच्या सगळ्या तारा एका ठिपक्यावर आणल्या.
लाकडाच्या आत तांब्याची खोली झाली.
मग आवाज वाढवला. आणखी वाढवला.
स्पीकर मेला की काय, म्हणून जाळीला कान लावला.
काही नाही.
स्वतःवर फार खूश झालो, हे सांगायला हवं.

आठवड्याने ती परत.
"किती शांत आहे," म्हणाली, तक्रारीच्या सुरात.
"मग?"
"मग हाताचं काय करू?"

मला कळायला वेळ लागला.
तारांना बोट टेकलं की घुंई बसते,
हे मला ठाऊक होतं, पाढ्यासारखं.
ठाऊक नव्हतं ते हे, की चौतीस वर्षं
दोन गाण्यांच्या मधे
तिने उजवा हात उचललाच नव्हता.
बिअर डाव्या हाताने. घाम डाव्या हाताने.
लेकीला मुलगा झाल्याचा फोन
एका लग्नाच्या मांडवात, तोही डाव्या कानाला.
टाळ्या तिने कुणासाठीच वाजवल्या नव्हत्या.
लेमार, तिचा ड्रमवाला, वीस वर्षं समजत आला
की बाईला घमेंड आहे.

"एक कळ बसवून देतो," मी म्हटलं,
"ओढली की घुंई परत."
ती इतकी हसली की डबीतले स्क्रू वाजले.
"पैसे मोजून आजार विकत घेऊ?"

शुक्रवारी बारमध्ये गेलो.
किपने तिला सरळ मिक्सरमध्ये घेतलं होतं,
कपाटाएवढा स्पीकर घरी, बरोबर दोन किलोचा ॲम्प.
तिच्या कमरेने त्याला दुवा दिला असणार.
पहिलं गाणं संपलं.
त्या बारमध्ये प्रथमच फ्रीज नुसता फ्रीज होता.
लेमारने घसा खाकरला, तेही ऐकू आलं.
आणि ओडेसाचा उजवा हात तारांवरच.
बस कधीची थांबलेली, इंजिन बंद,
माणसं सामान काढताहेत,
ड्रायव्हरचा हात अजून गिअरवर.

तिसऱ्या गाण्यात मात्र गिटारवाल्या पोराने
कधी नव्हे ते घाई न करता सोलो वाजवला.
गाणं संपल्यावर तिने हात उचलला,
तळव्याकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं,
आणि दोन टाळ्या वाजवल्या,
दुसरी जरा उशिरा.

लेमारच्या हातून काठी पडली.