पाचवं अक्षर

सिरिल कुलासोचं ऑफिस म्हापशाला,
पोदेराच्या भट्टीवरच्या माडीवर.
जुलैत तिथल्या सगळ्या फायलींना
उंड्यांचा वास येतो.

"नाव?" त्यानं सवयीनं विचारलं.
एकवीस वर्षं तो माझं रिटर्न भरतोय,
तरी मी थांबले,
न्हंयत पाय घालण्याआधी थांबतात तशी.

सुनेत्रा, हे ताटातल्या तांदळांवर
अंगठीनं लिहिलेलं.
लिहिणाऱ्यानं मला विचारलं नव्हतं.
दुसऱ्या दिवशी त्या तांदळांची पेज झाली असेल,
नाव मात्र शिजलं नाही. राहिलं तसंच
हजेरीपटावर, पासबुकावर, गॅसच्या कार्डावर,
पॅनवर.

त्याआधीची मी होते
नोंदणी कचेरीतल्या एका जाड वहीत,
एकसष्टच्या आधीच्या शाईत.
कारकुनानं श ऐकला आणि एक्स लिहिला.
शेवंतीच्या सुरुवातीलाच फुली,
पुढे आयुष्यभर मी मुलांच्या वह्यांत मारली तशी.
खिडकीतला पोरगा म्हणाला,
"बाय, हें तुमचेंच नांव? झेवोंती?"
झेवोंती नव्हे रे. शेवंती. गावकरांची.
आवाज जरा मोठाच झाला असावा,
रांगेतल्या एकानं छत्री मिटता मिटता वळून बघितलं.

मग अर्ज, प्रतिज्ञापत्र,
राजपत्रात चार ओळी,
कुणाची हरकत असल्यास कळवावी.
मुदतभर मी पोस्टमनची वाट पाहिली.
कुणाचीच हरकत नव्हती.
खरं सांगायचं तर
याचं थोडं वाईट वाटलं.

सिरिल बोटं मोडत सांगतो:
आधी आधार, मग पॅन, मग बँक,
रिटर्न सगळ्यांत शेवटी.
एका ठिकाणी जरी अक्षर हललं
तर परतावा अडकून बसतो.
"सरकाराक नांव खंयचेंय चलता, बाय,
फकत सगळेकडेन एकूच जाय."

नंबर मात्र बदलत नाही.
दहा खुणा, त्यांतली पाचवी आडनावाची.
नवं कार्ड आलं, त्यावर शेवंती गावकर,
आणि पाचव्या जागी केरकरांचा के तसाच,
मनगट जाड झाल्यावर
न निघणाऱ्या बांगडीसारखा.
मी विचारलं, साबण लावून?
सिरिलला कळलं नाही. बरंच झालं.

आणि ते आमच्या गोव्याचं खास परिशिष्ट, पाच-अ.
ह्यांचं निम्मं माझ्यात, माझं निम्मं ह्यांच्यात.
पेन्शन तेवढी ज्याची त्याची,
बाकी गाळ्याचं भाडं, ठेवींचं व्याज,
सगळं नारळासारखं मधोमध फोडलेलं.
केवढा अभिमान होता मला या वाटणीचा!
पुण्याच्या नणंदेला मी दर मे महिन्यात ऐकवायची.
नावाला त्या तक्त्यात रकाना नव्हता
हे तिनं कधी विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही.
ते अख्खं गेलं होतं.

हे आपलं रिटर्न स्वतः भरतात,
जेवणानंतर, चष्मा कपाळावर, एका बोटानं.
राजपत्र घरात आलं त्या दिवसापासून
या विषयावर एक शब्द नाही.
सोलकढी वाढताना नाही, दिवा मालवताना नाही.
काल रात्री पाच-अ उघडलं.
जोडीदाराचं नाव.
बराच वेळ नुसती ती उभी रेघ लुकलुकत राहिली.

"स्पेलिंग काय गो तुझं?"

मी भांडी तशीच ठेवून आले.
एस, म्हटलं. एच. ई.
चवथीला दूर्वा मोजतात तसं
एकेक अक्षर निवडून ठेवत गेले हे.
मग बोट कीबोर्डावर फिरायला लागलं,
वर, खाली, पुन्हा वर.
"व्ही खंय गेला?"

मला दिसत होता.
दाखवला नाही.
शोधू दे म्हटलं.