वाटा

खानापूरच्या खाली, मलप्रभेच्या वळणावर
कौलांच्या बंद भट्टीमागे एक वारूळ आहे.
पलीकडच्या गल्लीत त्याला हुत्त म्हणतात.
वाळवीला दोन्ही नावं ठाऊक नाहीत.

सत्याप्पा कुंभार तिथूनच चुलीची माती आणतो.
खणायच्या आधी टिकावाच्या दांड्यानं दोनदा ठोकतो,
आत बसलेल्यानं गुडघा आवरून घ्यावा म्हणून.

आत तो बसलाय, असं सांगतात.
आधी चोर्ल्याच्या घाटात वाटा अडवायचा.
मिठाचे बैल यायचे कोकणातून,
मीठ घ्यायचा, बैल सोडायचा,
कधी कधी माणूसही सोडायचा.
एका वाटसरूनं विचारलं त्याला,
ज्यांच्यासाठी हे करतोस, ते पापात वाटा घेतील का?
जा, विचारून ये. मी थांबतो.
आणि थांबला खरंच, स्वतःला झाडाला बांधून घेऊन.

पुढचं सगळ्यांना पाठ.
बायको नाही म्हणाली. पोरं नाही म्हणाली.
म्हातारा बाप तंबाखू मळत नाही म्हणाला.
हा परत आला, बसला,
उलट्या अक्षरांवरून सुलट नावाला पोचला,
अंगावर माती चढली,
आणि कितीतरी वर्षांनी
मातीतून कविता बाहेर आली.

दुर्गाप्पा नाईक गोष्ट इथवर आणून थांबतो.
त्याच्या आज्याला रोज रात्री चावडीवर हजेरी असायची,
काही केलं म्हणून नव्हे,
त्या घरात जन्मला म्हणून.
‘तो आमचाच,’ दुर्गाप्पा म्हणतो,
‘पण आधी दरोडेखोर म्हटल्याबिगर
कुणाला त्याचा ऋषी करताच येत नाही, बघ की.
आणि पाखरू मारलं म्हणून ज्याला पहिला शाप दिला
तो पारधी? तोही आमचाच.’
मग विडी पेटवतो.
विझलेली काडी वारुळाकडे टाकत नाही, खिशात ठेवतो.

मला मात्र त्या बाईचं पडलंय.
तिचं नाव कुणालाच सांगता येत नाही.

गंगव्वाला विचारलं.
भट्टी चालू होती तेव्हा ती कौलं वाजवून बघायची,
फुटकं असलं की आवाज मुका येतो.
म्हणाली, नाही म्हटलं तर काय चुकलं तिचं?
मीठ आणताना विचारलं होतं का त्यानं,
हे कुणाचं, सांगू का तुला?
एक दिवस आला तो दारातूनच,
हात न धुता, पापाचा हिशेब घेऊन.
चुलीवर आमटी उतू चाललेली.
नाही म्हणाली.
त्या घरात कुणी खरं बोलायची ती पहिली वेळ.

तो गेला तो गेलाच.
तिसऱ्या दिवशी मीठ संपलं.

पुढचं कुठल्या पोथीत नाही,
गंगव्वानं माझ्यासमोरच रचलं असावं:
ती बाई शोधत शोधत इथवर आली.
वारूळ तेव्हा कमरेएवढं होतं.
कान लावला. आत तीच ती दोन अक्षरं.
उलटी म्हणतोय, हे तिला लगेच कळलं.
तिनं सुधारली नाहीत.
पदर खोचला, बुट्टीभर माती काढली,
घरी नेऊन चूल घातली
आणि पोरं वाढवली त्या चुलीवर.
त्याच्या तपातला वाटा घेतला तिनं,
न विचारता,
जसा त्यानं मिठातला.

काल सत्याप्पा नवी चूल ठेवून गेला.
गॅस आहे घरात, पण भाकरी तिच्यावरच फुगते.
उन्हात वाळल्यावर
मी बोटाच्या पेरानं वाजवून बघितली.

मुकी नव्हती.
दोन अक्षरं होती, एकामागून एक,
आणि आधीचं कुठलं
ते काही केल्या ठरेना.